पद नसलेल्या दोघी आणि दोन वर्षांखालची मुलं

१९८९ साली अमेरिकेत गोवर परत आला. पुढच्या तीन वर्षांत ५५ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, सुमारे ११ हजार जणांना रुग्णालयात भरती करावं लागलं आणि १२३ जण दगावले. गोवराची लस त्या देशात १९६३ पासून मिळत होती. पन्नासच्या पन्नास राज्यांत शाळेत नाव घालताना लसीकरणाचा दाखला मागणारे कायदे होते. १९८३ मध्ये तर अख्ख्या देशात वर्षभरात फक्त १,४९७ रुग्ण सापडले होते. एवढी तयारी असलेल्या देशात मुलं गोवराने का मेली, हा या प्रकरणातला मध्यवर्ती प्रश्न आहे.

त्या तयारीत ज्यांचा हात होता त्यांपैकी दोघी कधीच कुठल्या पदावर निवडून आल्या नव्हत्या. आर्कान्साच्या गव्हर्नरच्या आणि पुढे सिनेटरच्या पत्नी बेटी बम्पर्स, आणि राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन कार्टर. नवऱ्याच्या पदामुळे मिळालेल्या ओळखीचा सार्वजनिक आरोग्यासाठी कसा उपयोग होतो याची उदाहरणं पुष्कळ आहेत. मला या दोघींचं प्रकरण वेगळं वाटतं ते एका कारणासाठी: आपणच केलेल्या कामात राहिलेलं भोक दिसल्यावर त्या परत आल्या, आणि तेव्हा त्यांच्यापैकी एकीच्या नवऱ्याकडे दहा वर्षांपासून कुठलंही पद नव्हतं.

आर्कान्सा, १९७१ ते १९७४

बेटी फ्लॅनगन यांचा जन्म १९२५ चा, आर्कान्साच्या फ्रँकलिन परगण्यातला. त्या शाळेत शिकवायच्या. १९४९ मध्ये डेल बम्पर्स यांच्याशी लग्न झालं आणि चार्ल्सटन या छोट्या गावात संसार थाटला. गावात डेल हे एकटेच वकील. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा चार्ल्सटनच्या शाळा मंडळाने डेल यांचा सल्ला घेऊन त्याच वर्षी कृष्णवर्णीय मुलांना आपल्या शाळांत घेतलं. यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत हे करणारं ते पहिलं शाळा मंडळ. तीन वर्षांनी त्याच राज्याच्या राजधानीत, लिटल रॉकमध्ये, नऊ मुलांना शाळेच्या दारातून आत न्यायला लष्कर आणावं लागलं होतं. त्या वेळी मुलांची वाट अडवणारे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांना १९७० च्या पक्षांतर्गत निवडणुकीत हरवूनच डेल पुढे गव्हर्नर झाले. (तिथला गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो, म्हणजे अधिकाराने आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.)

गव्हर्नरच्या पत्नीच्या वाट्याला तेव्हा फीत कापणं, पाहुण्यांची सरबराई आणि शाळांना भेटी येत. बेटींनी लसीकरण हातात घेतलं. मोहिमेचं नावच मुदत सांगणारं होतं: चौऱ्याहत्तरपर्यंत प्रत्येक मूल. राज्याचं आरोग्य खातं, अटलांटाचं केंद्रीय रोगनियंत्रण केंद्र म्हणजे सीडीसी, परिचारिकांच्या संघटना, नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैनिकी दलाचे जवान, कृषी विस्तार सेवा आणि चर्च या सगळ्यांची त्यांनी मोट बांधली.

या यादीत कृषी विस्तार सेवा बघून सुरुवातीला नवल वाटतं. पण आर्कान्सामध्ये ७५ परगणे, बराचसा भाग शेतीचा, घरं लांब लांब. विस्तार सेवेचं माणूस दर परगण्यात असायचं, आणि त्यातल्या स्त्री कार्यकर्त्यांचं काम शेतकऱ्यांच्या घरातल्या बायकांशी असायचं. कोणाच्या घरात तान्हं मूल आहे, कोणाकडे गाडी नाही, कोण रविवारी कुठल्या चर्चला जातं, ही माहिती आरोग्य खात्याच्या फायलीत नव्हती. ती या बायकांना आणि पाद्र्यांना होती. नॅशनल गार्डकडे वाहनं होती, शिस्तीत काम करणारे हात होते. परिचारिकांकडे कसब होतं. चर्चवर लोकांचा विश्वास होता.

आता यातल्या कोणालाही आरोग्य संचालक हुकूम देऊ शकत नाही. चर्चला तर सरकारातलं कोणीच देऊ शकत नाही. बेटींनाही तो अधिकार नव्हता. पण गव्हर्नरच्या पत्नीने बोलावल्यावर सगळे येऊन एका टेबलाशी बसतात, आणि एकदा चारचौघांत ‘हो’ म्हटल्यावर काम टाळणं अवघड जातं. पद नसण्याचा इथे फायदाच झाला असं माझं मत आहे. आरोग्य खात्याने पुढाकार घेतला असता तर ते त्या खात्याचं काम ठरलं असतं आणि बाकीचे मदतनीस ठरले असते. बेटी कोणत्याच खात्याच्या नव्हत्या, त्यामुळे मोहीम कोणाची यावर भांडण उरलं नाही. सीडीसीने पुढे हा नमुना इतर राज्यांपुढे ठेवला.

मोहिमेची मर्यादाही तिथेच दिसते. मोहीम संपते, पाळणे हलायचे थांबत नाहीत. १९७४ मध्ये सगळी मुलं टोचून झाली असं धरलं, तरी १९७५ मध्ये जन्मलेल्यांचं काय? दर वर्षी नॅशनल गार्ड बोलावता येत नाही.

विक्रोळीहून आलेली सासू

१९७७ च्या जानेवारीत कार्टर व्हाइट हाउसमध्ये आले. जॉर्जियाचे गव्हर्नर म्हणून त्यांची कारकीर्द डेल बम्पर्स यांच्याच वेळची, १९७१ ते १९७५. दोघांच्या पत्नींची ओळख त्या काळातली. बेटी आता सिनेटरच्या पत्नी म्हणून वॉशिंग्टनमध्ये राहत होत्या. लसीकरणाचा विषय घेऊन त्या रोझलिन यांच्याकडे गेल्या.

रोझलिन यांना सार्वजनिक आरोग्य नवं नव्हतं. त्यांच्या सासूबाई लिलियन कार्टर परिचारिका होत्या, आणि वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअर या परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेतर्फे आपल्या मुंबईत, विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत काम करायला आल्या होत्या. १९६६ च्या अखेरीपासून १९६८ पर्यंत त्या तिथे राहिल्या. आधी कुटुंबनियोजनाचं काम, मग दवाखान्यात रुग्णांची सेवा. ज्या घरातली आजी साठी उलटल्यावर जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कामगारांच्या वस्तीत मलमपट्टी करते, त्या घरात लहान मुलांच्या लशी हा फार लांबचा विषय नसणार. (रोझलिन आणि जिमी पुढे २००६ मध्ये लोणावळ्याजवळ पाटण गावी घरं बांधायला स्वतः आले होते, ते अनेकांना आठवत असेल.)

अधिकाराच्या बाबतीत मात्र रोझलिन यांचीही अवस्था बेटींसारखीच होती. मानसिक आरोग्य हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यावर नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद त्यांना घेता आलं नाही, कारण नात्यातल्या व्यक्तीला असं पद देण्याला कायद्याची आडकाठी होती. त्या मानद अध्यक्ष झाल्या, आणि १९७९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे जाऊन साक्ष दिली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, अशी साक्ष देण्याची ती एलिनॉर रूझवेल्ट यांच्यानंतरची पहिलीच वेळ.

१९७७ मध्ये लसीकरणासाठी वेळ वाईट होती. आदल्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सरकारने स्वाइन फ्लूच्या भीतीपोटी चार कोटींवर लोकांना लस टोचली होती. साथ आलीच नाही, उलट काही जणांना गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार झाल्याचं दिसलं आणि डिसेंबर १९७६ मध्ये कार्यक्रम थांबवावा लागला. लस हा शब्द काढला की लोक साशंक होत होते. तरी एप्रिल १९७७ मध्ये आरोग्यमंत्री जोसेफ कॅलिफॅनो यांनी राष्ट्रीय बाल-लसीकरण उपक्रम जाहीर केला. ऑक्टोबर १९७९ पर्यंत ९० टक्के मुलांचं लसीकरण पुरं करायचं, हे त्याचं उद्दिष्ट. सीडीसीची सूत्रं याच वर्षी विल्यम फेगी यांच्याकडे आली. भारतातल्या देवी निर्मूलनाच्या शेवटच्या झुंजीत बिहारमध्ये उतरलेले हे डॉक्टर.

उपक्रमाचा खरा कणा होता शाळाप्रवेशाचा कायदा. काही राज्यांत तो होता, काहींत नव्हता, आणि बऱ्याच ठिकाणी असून अंमल नव्हता. अंमल झाल्यावर काय होतं ते अलास्काने दाखवलं. गोवराची साथ पसरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांनी ठरल्या दिवशी कागद तपासले. सुमारे ८९ हजार विद्यार्थ्यांपैकी ७,४०० च्या वर मुलांकडे पुरावा नव्हता. त्या सगळ्यांना घरी पाठवलं. महिनाभराने अजून घरीच असलेली मुलं पन्नासच्या आसपास होती. म्हणजे बहुतेक आईबापांचा लशीला विरोध नव्हता, काम फक्त राहून गेलं होतं. शाळेचं दार बंद झाल्याबरोबर ते उरकलं.

दोघींनी हे कायदे राज्याराज्यांत व्हावेत म्हणून आपापल्या ओळखी कामाला लावल्या. गव्हर्नरांच्या पत्नी हे त्यांचं स्वाभाविक वर्तुळ होतं, कारण दोघी त्यातूनच आल्या होत्या. १९८१ पर्यंत सर्व राज्यांत शाळाप्रवेशासाठी लसीकरण आवश्यक झालं. १९७७ मध्ये गोवराचे ५७ हजारांवर रुग्ण होते, ते सहा वर्षांत दीड हजारांच्या खाली आले.

भोक

शाळेचा कायदा मुलाला वयाच्या पाचव्या वर्षी पकडतो. अमेरिकेत गोवराच्या लशीचा पहिला डोस बारा ते पंधरा महिन्यांचं मूल असताना द्यायचा असतो. मधली साडेतीन-चार वर्षं कायद्याच्या नजरेबाहेर राहतात. आणि गोवर सगळ्यात जास्त जिवावर बेततो तो याच वयात: न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते. शाळेच्या पटावर ९५ टक्के लसीकरण आणि त्याच शहरात दोन वर्षांच्या मुलांत जेमतेम निम्मं, असं चित्र मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांत होतं. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. १९८९ मध्ये नेमकं तेच झालं. जवळजवळ निम्मे रुग्ण पाच वर्षांखालचे, बहुतेक लस न घेतलेले, आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो कुटुंबांतली मुलं यात फार जास्त.

ही मुलं दवाखान्यात जात नव्हती का? जात होती, आणि हे मला या प्रकरणातलं सगळ्यात बोचरं सत्य वाटतं. एक आई चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन दोन बस बदलून सरकारी दवाखान्यात येते. मुलाला थोडी सर्दी आहे. परिचारिका सांगते, सर्दी गेल्यावर आणा. वास्तविक साध्या सर्दीत लस द्यायला काहीच हरकत नसते. दुसऱ्या वेळी कळतं, लसीकरणासाठी आधी वेळ ठरवून यावं लागतं आणि पुढची वेळ काही आठवड्यांनंतरची आहे. ती खासगी डॉक्टरांकडे जाते, तर ते म्हणतात, तुमचा विमा लशीचा खर्च देत नाही, सरकारी दवाखान्यात स्वस्तात होईल. मधे घर बदललं, कार्ड हरवलं, कुठले डोस झाले ते कोणालाच सांगता येत नाही. साथीनंतर तज्ज्ञांनी कारणं शोधली तेव्हा या हुकलेल्या संधींवरच बोट ठेवलं. दोष आयांच्या माथी मारणं सोपं होतं, पण त्या दारापर्यंत आल्या होत्या.

१९९१ मध्ये रोझलिन आणि बेटी यांनी संस्था काढली: दोन वर्षांच्या आत प्रत्येक मूल. वीस वर्षांपूर्वीच्या मोहिमेच्या नावात साल होतं, आता वय आलं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण साल उलटून जातं आणि वय प्रत्येक नव्या बाळाबरोबर पुन्हा सुरू होतं. कार्टर यांना पद सोडून तेव्हा दहा वर्षं झाली होती. रोझलिन ६४ वर्षांच्या, बेटी ६६ च्या.

काम बहुतांशी कंटाळवाणं होतं. राज्यांमध्ये जाऊन तिथल्या गव्हर्नरांच्या पत्नींना, आरोग्य अधिकाऱ्यांना, डॉक्टरांच्या संघटनांना भेटायचं. साध्या सर्दीसाठी लस नाकारू नका, हे पुन्हा पुन्हा सांगायचं. कार्ड हरवलं तरी नोंद हरवू नये म्हणून प्रत्येक राज्यात संगणकावर लसीकरणाची नोंदवही असावी, हा आग्रह धरायचा. फोटो निघण्यासारखं त्यात फार काही नव्हतं.

१९९३ मध्ये काँग्रेसने मुलांसाठी मोफत लशींचा कार्यक्रम मंजूर केला आणि ऑक्टोबर १९९४ पासून तो सुरू झाला. विमा नसलेल्या, गरिबांच्या वैद्यकीय योजनेत असलेल्या आणि आदिवासी मुलांसाठी सरकार लशी विकत घेतं आणि त्या खासगी डॉक्टरांच्याही फ्रिजमध्ये ठेवते. ‘सरकारी दवाखान्यात जा’ हे वाक्य त्यामुळे या मुलांपुरतं तरी मागे पडलं. डिसेंबर २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आणखी एक आदेश काढला. गरोदर बायका, बाळं आणि लहान मुलांना पोषण आहार देणाऱ्या केंद्रांवर मुलाच्या लशी तपासाव्यात, असा तो आदेश. गरीब घरातलं लहान मूल आहारासाठी या केंद्रात हमखास येतं, म्हणजे पाचव्या वर्षाच्या शाळेच्या दाराआधी आणखी एक दार मिळालं. या दुव्यासाठी दोघींची संस्था झटत होती. त्याच वर्षी अमेरिकेत गोवराचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे देशातल्या देशात सतत चालू राहणारा संसर्ग थांबला होता.

श्रेय किती द्यायचं

लस शोधणारे वेगळे, पैसा मंजूर करणारे वेगळे, सुई टोचणाऱ्या परिचारिका वेगळ्या. या दोघी नसत्या तर १९७७ चा उपक्रम आलाच नसता, असं मी म्हणणार नाही. लॉस एंजेलिस, अलास्का इथले आरोग्य अधिकारी आपल्या बळावर कायदा राबवत होते. मोफत लशींच्या कायद्यामागे तर साथीत गेलेल्या मुलांचा धक्काच मोठा होता.

राजकीय लाभाचा प्रश्नही रास्त आहे. मुलांच्या लशींमुळे कुठल्याही गव्हर्नरची प्रतिमा उजळते. १९७४ मध्ये डेल बम्पर्स सिनेटची निवडणूक लढवत होते आणि मोहिमेच्या नावातही तेच साल होतं. त्यामुळे मी या कामाची परीक्षा पहिल्या मोहिमेवर करत नाही, १९९१ वर करते. कार्टर हरून घरी गेले होते, आणि दोघींनी हाती घेतलं ते मतदानाच्या वयापासून सगळ्यात लांब असलेल्या मुलांचं, त्यातही गरीब वस्त्यांतल्या मुलांचं काम. १९९९ मध्ये डेल सिनेटमधून निवृत्त झाले, त्यानंतरही बेटी या कामात राहिल्या. मधल्या काळात त्यांनी अण्वस्त्रांविरोधात स्त्रियांची शांतता चळवळही उभी केली होती, तो विषय वेगळा.

मेरिलँडमधल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय लस संशोधन केंद्राला डेल आणि बेटी या दोघांचंही नाव दिलेलं आहे. मॉडर्नाची कोविडची लस ज्या केंद्राच्या सहकार्याने घडली, ते हेच.

आपल्या बाजूने पाहताना

आपल्याकडे लसीकरणाची साखळी बाळाच्या जन्मापासून सुरू होते. आशाताई, एएनएम परिचारिका, अंगणवाडी सेविका आणि ठरल्या दिवशी भरणारं सत्र. अमेरिकेने २००० साली जे जोडलं ते आपल्या अंगणवाडीत आधीपासून एका छताखाली होतं. तरी २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीत गोवर पसरला आणि मुलं गेली. कोविडच्या काळात राहिलेले डोस, दाटीची वस्ती, सतत बदलणारी भाड्याची घरं, कुपोषण: १९८९ च्या अमेरिकी शहरांची कारणं जवळपास तशीच्या तशी इथे होती. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, यातला दुसराच जास्त राहून जातो, हे कुठल्याही आशाताईला विचारा.

आमदार-खासदारांच्या पत्नींनी भरवलेली आरोग्य शिबिरं महाराष्ट्रात गावोगाव होतात. त्यांतून लोकांना मदत होते, हे मी पाहिलेलं आहे. बेटी बम्पर्स यांच्या कामाचा मापदंड लावला तर विचारायचा प्रश्न शिबिराला किती गर्दी होती हा नाही. त्या वॉर्डातल्या दोन वर्षांच्या किती मुलांचा दुसरा डोस झाला आणि न झालेल्यांच्या घरी पुढच्या महिन्यात कोण गेलं, हे विचारावं लागेल.

आर्कान्सा, नंतर

बेटी नोव्हेंबर २०१८ मध्ये गेल्या, रोझलिन नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्यांच्या संस्थेचं नाव २०१८ मध्ये बदललं, कारण आता ती सगळ्या वयांच्या लसीकरणाचं काम करते.

शाळाप्रवेशाच्या कायद्यात एक दुसरंही दार होतं: सवलतीचं. आर्कान्सामध्ये ठरावीक मान्यताप्राप्त पंथांच्या लोकांनाच धार्मिक कारणाने सूट मिळायची. २००२ मध्ये संघराज्य न्यायालयाने ही तरतूद भेदभाव करणारी म्हणून रद्द केली. विधिमंडळाला तेव्हा दोन वाटा मोकळ्या होत्या: ही सूटच बंद करायची किंवा ती वाढवायची. त्यांनी २००३ मध्ये दार रुंद केलं आणि वैयक्तिक मतासाठीही सूट दिली. शेजारच्या टेक्सासनेही त्याच वर्षी तशीच सूट आणली. २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासात गोवराचे ७०० हून अधिक रुग्ण झाले आणि लस न घेतलेली शाळकरी वयाची दोन मुलं दगावली. आर्कान्साच्या कायद्यात सूट मागणाऱ्या पालकाला दर वर्षी नव्याने, नोटरी करून अर्ज द्यावा लागतो आणि लसीची माहिती वाचल्याचं नोंदवावं लागतं. बेटींच्या राज्यात सध्या कायद्याचा जोर उरला आहे तो एवढ्या वार्षिक खेपेत.